झुलत्या पुलावरून पल्याडच्या वाडीत: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली अर्ध्या दिवसाची पायी फेरी

सकाळचे साडेआठ वाजले होते. पुलाच्या अलीकडच्या टोकाला डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई उभी होती आणि पुलावर आमच्यातलेच सहाजण फोटो काढण्यात गुंतले होते. तिचा एक हात भाऱ्याला, दुसऱ्या हातात कोयता. बऱ्याच वेळानं आमच्या वाटाड्याचं लक्ष गेलं. "काकी, हाक मारायची की गे!" तो म्हणाला. "मारली असती रे," ती म्हणाली, "पण नवी माणसं. पुलावर दचकली तर?"

त्या दिवसापासून फेरीला येणाऱ्या प्रत्येकाला मी निघण्याआधीच एक गोष्ट सांगते. हा पूल म्हणजे पल्याडच्या वाडीचा रस्ता आहे. शाळा, रेशन, दवाखाना, गुरं, सगळं यावरूनच येतं-जातं. आपण त्या रस्त्यावरचे पाहुणे. खाली लिहिलेली बहुतेक पथ्यं त्यातूनच आली आहेत.

मी डिचोलीची. पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्या नातेवाइकांना, मैत्रिणींना आणि त्यांच्या मुलांना घेऊन सत्तरीत अशा फेऱ्या करते. फेरी छोटी असते. सगळं मिळून तीनेक किलोमीटर चाल, पण वेळ अडीच-तीन तासांचा धरायचा, कारण चालण्यापेक्षा थांबणंच जास्त होतं. पुलाचं आणि वाडीचं नाव इथे मुद्दाम देत नाही. दहा-पंधरा घरांची वाडी, एका वेळी मोजकीच माणसं पेलणारा पूल, आणि रविवारी सकाळी पंचवीस गाड्या आल्या तर तिथल्या लोकांनी जायचं कुठून? वाळपईत, म्हणजे सत्तरीच्या तालुक्याच्या गावात, उतरून चौकशी केलीत की वाट सापडते. आणि हे मार्गदर्शन सांगे किंवा धारबांदोडा तालुक्यातल्या नदीकाठच्या वाडीलाही तितकंच लागू पडेल.

कधी जायचं

मी सांगेन दसऱ्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत. ऑक्टोबरात भात पिवळं झालेलं असतं, नदीला पाणी असतं पण ते निवळलेलं, आणि ओहोळ अजून वाहते असतात. डिसेंबरात पहाटे नदीवर धुकं धरतं आणि ऊन चढेपर्यंत पल्याडचा काठ दिसतच नाही. ते दृश्य हवं असेल तर सातच्या आत पुलापाशी पोचावं लागतं.

जून ते सप्टेंबर झुलत्या पुलाच्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्यातली सत्तरी डोळ्यांत मावत नाही हे मला ठाऊक आहे, पण इथली म्हादई म्हणजे कर्नाटकातल्या भीमगडच्या डोंगरांतून येणारी नदी. आपल्याकडे ऊन पडलेलं असताना घाटमाथ्यावरच्या पावसानं तिचं पाणी चढू शकतं. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीतली कितीतरी घरं पडली. पावसात फळ्यांवर शेवाळ धरतं, लोखंडाला गंज चढतो, आणि खाली लालभडक पाणी असताना पाय घसरला तर पोहता येण्याचा काही उपयोग नसतो. शिवाय अभयारण्यातल्या धबधब्यांवर वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं, जुलै २०२३ मध्ये घातली होती. पावसाळी सत्तरी बघायचीच असेल तर गावातून, डांबरी रस्त्यानं बघा.

फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. बोंडांचा वास, कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, बोंडं तुडवणारी माणसं, दारू गाळायच्या भाटीचा धूर, नीऱ्याचा, म्हणजे बोंडांच्या ताज्या रसाचा, पेला. मन ओढतं. पण हाच माकडतापाचाही हंगाम आहे, त्याचा जोर जानेवारीपासूनच असतो. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे. ते वाचून मगच ठरवा.

वाटाड्या ठरवणं

वाटाड्या त्याच वाडीतला किंवा निदान त्याच गावातला हवा. हा माझा आग्रह आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून गाडीसकट मिळणारा मार्गदर्शक बोलायला चटपटीत असतो, पण कोणाच्या कुळागरातून, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतून, जाण्याआधी कोणाला विचारायचं, आज कोणाच्या घरी सुतक आहे, कुठल्या घरचा कुत्रा अंगावर येतो, हे त्याला माहीत नसतं. एकदा अशाच एका गटाबरोबर मी गेले होते. मार्गदर्शकानं सगळ्यांना सरळ मांडावर नेलं, पायांत चपला तशाच. मांड म्हणजे जिथे पौषात धालो, म्हणजे बायकांची नाच-गाणी, आणि फाल्गुनात शिगमो, म्हणजे शिमगा, होतो ती जागा. बाहेरच्याला ते नुसतं सारवलेलं अंगण दिसतं, पण गावाला ते देवळाइतकंच पवित्र. एक आजोबा पुढे होऊन शांतपणे म्हणाले, "वाणा काडा, बाबांनो." चपलांना तिकडे वाणा म्हणतात. आमच्यातल्या निम्म्यांना ते कळलंच नाही.

वाटाड्या शोधायला वाळपई बाजारातलं चहाचं दुकान, पंचायत किंवा गावच्या देवळाचे पुजारी ही चांगली ठिकाणं. मराठी सगळ्यांना येते. सत्तरीत मराठी शाळा, भजनं, नाटकं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा भाषेची अडचण येणार नाही. आदल्या दिवशी फोनवर या गोष्टी ठरवून घ्या: किती माणसं येणार, त्यात लहान आणि म्हातारी किती, पुलाची अवस्था सध्या कशी आहे, न्याहारी कोणाच्या घरी आणि तिचे पैसे वेगळे की त्यातच. पैशांचा आकडा आधी बोलणं यात संकोच नको. संकोचानं न बोललेला आकडा नंतर दोघांनाही सलतो. रोख न्या, तीही सुट्टी. नदीकाठी मोबाईलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही, म्हणजे फोनवरून पैसे देण्याचाही नाही.

एका वाटाड्यामागे आठ माणसं पुरेत. जास्त असाल तर दोन वाटाडे घ्या आणि गट अर्ध्या तासाच्या अंतरानं सोडा.

पोचायचं कसं, न्यायचं काय

पणजीहून वाळपईला दोन वाटा आहेत: फोंडा-उसगावमार्गे किंवा डिचोली-साखळी-होंडामार्गे. गाडीनं दीड तास धरा. कदंबच्या आणि खासगी बस वाळपईपर्यंत आहेत, पुढच्या गावांना फेऱ्या कमी. परतीच्या बसची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. गाडी नेलीत तर ती गावाच्या तोंडाशी, कोणाच्या फाटकासमोर येणार नाही अशी लावा.

सामान कमी. पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांना अडकणारी हवी, कारण एका खांद्यावर लोंबणारी पिशवी पुलावर तोल बिघडवते. पायात पकड असलेले बूट, पायघोळ विजार, पूर्ण बाह्या. माणशी एक लिटर पाणी. चष्मा असेल तर त्याला दोरी. डबीत मीठ, जळवांसाठी. ऑक्टोबरातही ओल्या पाचोळ्यात त्या असतात.

पूल आधी बघायचा

आपल्याकडे छोट्या ओहोळावरच्या दोन ओंडक्यांच्या किंवा दगडी वाटेला साकव म्हणतात. झुलता पूल वेगळा. दोन्ही काठांवर दोन-दोन खांब, त्यांच्या माथ्यावरून गेलेले दोन जाड तारदोर, त्या दोरांची टोकं मागे जमिनीत काँक्रीटच्या ठोकळ्यांत पुरलेली. दोरांना ठरावीक अंतरावर उभ्या सळ्या लोंबतात आणि त्या सळ्यांनी चालायची पट्टी धरलेली असते. म्हणजे तुमचं वजन पट्टीवरून सळीत, सळीतून दोरात, दोरातून काठावरच्या ठोकळ्यात जातं. नदीत एकही खांब लागत नाही, म्हणून पुराच्या नदीवर आणि कमी पैशांत हा पूल परवडतो. शेजारच्या कर्नाटकात सुळ्याचे अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ मध्ये पयस्विनी नदीवर अरंबूरला पहिला असा पूल बांधला आणि पुढे तुटलेल्या गावांसाठी शंभराहून अधिक बांधले. त्यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. एका पुलानं वाडीचं काय बदलतं हे पाहायचं असेल तर पल्याडच्या कुठल्याही आजीला विचारा, पूल नव्हता तेव्हा बाळंतिणीला कसं नेत होतात.

चढण्याआधी पाच मिनिटं काठावर थांबून पुढच्या गोष्टी बघा. यासाठी अभियंता असावं लागत नाही.

आधी फलक. एका वेळी किती माणसं, हे लिहिलेलं असेल तर त्याच्या निम्मीच चढा. 'पूल बंद' असं लिहिलेलं असेल तर वाटाड्या काहीही म्हणो, परत फिरा. १८ मे २०१७ ला गोव्यातल्याच सावर्ड्याचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल कोसळला, तो वापरासाठी बंदच होता. नदीत चाललेलं बचावकार्य बघायला लोक त्यावर जमले आणि पन्नासेक माणसं पाण्यात गेली.

मग सळ्या. सगळ्या सारख्याच ताणलेल्या दिसायला हव्यात. एखादी सैल, वाकलेली किंवा सुतळीनं बांधलेली असेल तर तिच्या वाटचं वजन शेजारच्या दोघी उचलत आहेत असं समजा. तारदोराला जिथे पकडी बसवल्या आहेत तिथे तपकिरी ओघळ दिसतात का पाहा. तार बाहेरून रंगवलेली असली तरी आतली गंजलेली असू शकते. मोरबीचा पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला पडला आणि १३५ माणसं गेली, तेव्हा चौकशीत आढळलं की तुटलेल्या मुख्य दोरातल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. तो पूल तर दुरुस्तीनंतर चारच दिवसांपूर्वी उघडला होता. शेवटी ठोकळ्याभोवतीची माती बघा, पुरानं ती खणली गेलेली नसावी.

सगळ्यात खात्रीची खूण मात्र गावचं माणूस. वाडीतले लोक स्कूटर ढकलत नेतायत, मुलं दप्तरं घेऊन धावतायत, तर पूल वापरात आहे. ते स्वतःच खालून पाण्यातून जात असतील तर तुम्हीही पुलावर चढू नका.

पुलावरून चालणं

पल्याडून कोणी येतंय का बघा. येत असेल, विशेषतः डोक्यावर ओझं असेल, तर त्यांना आधी येऊ द्या. मधोमध दोघांनी एकमेकांना ओलांडणं गावच्यांना जमतं, आपल्याला जमत नाही.

एकावेळी चार-पाच जण, मध्ये सहा-सात पावलांचं अंतर. पहिला वाटाड्या, शेवटचा गटातला सगळ्यात शांत माणूस. पावलं एका तालात पडू देऊ नका. चौघांची पावलं एकदम पडली की पट्टीला झोका मिळतो, प्रत्येक पावलानं तो वाढतो, आणि घाबरलेला माणूस नेमका त्याच झोक्याच्या तालात पाय टाकायला लागतो. लंडनमध्ये जून २००० मध्ये नवाकोरा मिलेनियम पूल अशाच नकळत जुळलेल्या पावलांच्या डोलण्यामुळे दोन दिवसांत बंद करावा लागला होता. तेव्हा झोका वाढतोय असं वाटलं तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. दहा-बारा श्वासांत पूल शांत होतो. मग पुन्हा चालायचं.

गुडघे किंचित सैल ठेवा, पाऊल छोटं टाका आणि अख्खा तळवा टेकवा. हात कठड्यावरून सरकता ठेवा, मूठ आवळू नका, तारेचं तुटकं टोक हातात जातं. नजर पल्याडच्या काठावर, एखाद्या माडावर लावा. खाली वाहतं पाणी बघत राहिलात तर पाणी थांबलंय आणि पूलच प्रवाहाच्या उलट सरकतोय असा भास होतो, आणि चक्कर येते ती त्यामुळे. माझ्या मावशीला मध्यावर असंच झालं होतं. वाटाड्या तिच्यापुढे जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला, "मावशे, माझ्या शर्टाच्या रेघा मोजत या." तिनं त्या मोजल्या आणि पोचली. तेव्हापासून घाबरणाऱ्या माणसापुढे पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेलं कोणीतरी चालवते.

लहान मूल हाताला धरून न्या, खांद्यावर नको. छत्री उघडायची नाही. मुद्दाम पूल हलवणाऱ्याला तिथेच थांबवा, मग तो कितीही मोठा असो. आणि फोटो काठावरून काढा. खालच्या वळणावरून अख्खा पूल, खांब आणि पाण्यातली सावली मिळते, पुलावरून नुसता आपला चेहरा मिळतो.

वाडीत

पल्याड उतरलात की आवाज खाली आणा. पहिलं घर लागतं तिथे वाटाड्या हाक देईल, तेवढं थांबा. मोठ्यांना काका-काकी, आजी-आजोबा म्हणा. "पाणी घेता?" असं विचारलं तर हो म्हणा. गुळाचा खडा आणि तांब्या पुढे येतो. सोप्यावर बसा म्हटलं तर बसा. आतल्या खोलीत बोलावल्याशिवाय जाऊ नका. फोटोआधी विचारा, आणि काढलात तर छापून वाटाड्याच्या हाती पाठवा. त्या गवतवाल्या काकीचा फोटो मी तसाच पाठवला होता, नंतर विचारून काढलेला. पुढच्या खेपेला तो तिच्या सोप्यातल्या भिंतीवर दिसला.

कुळागरात मात्र वेळ द्या. बाहेर ऊन असताना आत अंगावर गारवा येतो. वर माड आणि पोफळी, त्यांना बिलगलेल्या मिरवेली, मधल्या उंचीवर जायफळ आणि केळी, खाली अळू, हळद, अननस. डोंगरातल्या झरीचं पाणी पाटानं येतं आणि उतारानंच एकेका आळ्यात फिरतं, त्याला पंप लागत नाही. मालक असले तर पाणी कसं वळवतात ते दाखवायला सांगा. पायानं मातीची एक छोटी बांधोळी मोडायची, दुसरी पायानंच घालायची, झालं. मी हे किती वेळा पाहिलं तरी पुन्हा बघत उभी राहते. पाटात पाय घालू नका, तेच पाणी खालच्या घरी जातं. खाली पडलेलं बेडंही, म्हणजे सुपारीही, उचलायची ती विचारून.

वाटेत देवराई लागली तर तिथला नियम एकच: काही न्यायचं नाही. पडलेली काटकीही नाही. सत्तरीत अशा राया आहेत म्हणून कितीतरी झरी जिवंत आहेत. बांबरची निरंकाराची राय ऐकली असेल, तिथे रानजायफळाची दलदल आहे आणि झाडांची मुळं श्वास घ्यायला गुडघ्यासारखी चिखलाबाहेर आलेली असतात. देवाच्या नावानं राखलं म्हणून ते जंगल आजवर उभं आहे. भाद्रपदात चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीला, लागणारी रानफळं कुठून येतात, हे वाडीतल्या मुलांना विचारा. झाडांची नावं त्यांना तोंडपाठ असतात.

न्याहारी घरचीच घ्या. भाकरी किंवा पोळे, सोबत उसळ किंवा ऋतूची भाजी. तिखट कमी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, ताटावर बसून नको. बाटल्या, पाकिटं, सगळं आपल्याबरोबर परत आणायचं.

परतताना आणि घरी गेल्यावर

ऊन तापायच्या आत, अकरापर्यंत पूल परत ओलांडा. दुपारी दमलेले पाय आणि तापलेला लोखंडी कठडा, दोन्ही वाईट. नदीत पोहायला उतरू नका. वरून संथ दिसणाऱ्या कोंडी खोल असतात. काही झालंच तर १०८ ला फोन, आणि रेंज नसेल तर वाटाड्याला रेंजची जागा माहीत असते. सर्वांत जवळचं मोठं सरकारी आरोग्य केंद्र वाळपईला आहे. साप चावला तर जागा बांधू नका, कापू नका, पाय न हलवता तिकडे न्या.

आता माकडताप. हा विषाणू रानातल्या गोचिडांमधून येतो. माकडं त्यानं मरतात, म्हणून हे नाव. सत्तरीत २०१५ मध्ये पाली गावात तो दिसला आणि पुढच्या वर्षी इतर गावांतही पसरला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांनी तो सर्वांत जास्त सोसला. जोर जानेवारी ते मे. त्या काळात जायचंच असेल तर वाडीत आधी विचारा, जवळपास माकडं मेलेली आढळली आहेत का. आढळली असतील तर बेत रद्द करा. एरवी विजारीचे पाय मोज्यांत खोवा, कीटक दूर ठेवणारं मलम किंवा तेल लावा, पाचोळ्यावर बसू नका, पायवाट सोडू नका.

घरी पोचल्यावर कपडे तसेच गरम पाण्यात टाका आणि साबणानं आंघोळ करा. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे नीट बघा, मुलांचं डोकं चाचपा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका, काडीनं भाजू नका. आणि पुढच्या दोन आठवड्यांत एकदम जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर घरी गोळ्या घेत बसू नका. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरच्या मनात हा आजार सहज येणार नाही, म्हणून दवाखान्यात शिरतानाच सांगा: गोव्यात, सत्तरीच्या रानात गेलो होतो, अमुक तारखेला.